किर्गिझ सोम

किर्गिझ सोम : किर्गिझस्तानचे राष्ट्रीय चलन. एका सोमचे १०० तियिन होतात. राजधानी बिश्केक येथील राष्ट्रीय बँक ते प्रसृत करते. तुर्की भाषाकुळात ‘सोम’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्यात शुद्ध सोन्याचा अर्थ अभिप्रेत असतो. सोव्हिएत काळात किर्गिझ लोक रूबललाही सोमच म्हणत. त्यामुळे नवे चलन आले तेव्हा त्याचे नाव जुनेच, ओळखीचे होते.

१० मे १९९३ रोजी सोम चलनात आला. २०० रूबलला एक सोम असा दर ठरला. मध्य आशियात रूबल सोडणारा हा पहिला देश. त्या वेळी हे मोठे धाडस होते: शेजारच्या उझबेकिस्तानने नाराज होऊन व्यवहार रोखले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कझाकस्तानने तेंगे हे आपले चलन आणले आणि उझबेकिस्ताननेही स्वतःची चलनी कुपने काढली.

पहिल्या सोम-नोटांवर ‘मानस’ या किर्गिझ महाकाव्याचा नायक मानस घोड्यावर बसलेला होता. १९९४ पासून नोटांवर खरी माणसे आली, आणि या चलनाचे खरे वैभव तिथेच आहे. बहुतेक नोटा शब्दाच्या आणि सुरांच्या उपासकांना दिलेल्या आहेत. १ सोमवर संगीतकार अब्दिलास मालदिबाएव, ५ वर नर्तिका ब्युब्युसारा बेयशेनालिएवा, २० वर कवी तोगोलोक मोल्दो, १०० वर लोककवी तोक्तोगुल, २०० वर कवी अलिकुल ओस्मोनोव, १००० वर अकराव्या शतकातील कवी जुसुप बालासागिन. ५०० सोमच्या नोटेवरील सायाकबाय करालाएव हे मानस महाकाव्याच्या पाच लाखांहून अधिक काव्यपंक्ती मुखोद्गत म्हणणारे ‘मानसची’, म्हणजे मानस गाणारे लोकगायक. कीर्तन-पोवाड्यांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या सन्मानाचे मोल वेगळे सांगायला नको. १० सोमवरील भाषाशास्त्रज्ञ कासिम तिनिस्तानोव यांना १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घालून मारले. ज्यांनी किर्गिझ भाषेला लिपी आणि व्याकरण घडवून दिले, त्यांचा चेहरा स्वतंत्र देशाने खिशाखिशात पोचवला. राज्यकर्त्यांपैकी एकच ठळक व्यक्ती आहे, तीही स्त्री: ५० सोमवरील, अलाय भागाची नेत्री कुरमानजान दात्का. या नोटेच्या मागे उझगेन शहरातला मनोरा दिसतो.

नाणी २००८ मध्ये आली. त्यांत ३ सोमचेही नाणे आहे; ही तीन रूबलच्या सोव्हिएत नोटेची आठवण. अधोरेखित ‘С’ हे सोमचे चिन्ह आहे.