बौद्धिक दिव्यांग मुलांना दात घासायला शिकवणं

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ब्रश करणं, चूळ भरणं, थुंकणं या सवयी पायरीपायरीने लावायची ही पद्धत. "दात घास" ही आपल्याला एकच सूचना वाटते पण त्यात डझनभर कामं लपलेली असतात, ब्रश उचल, ओला कर, टोपण काढ, ट्यूब दाब (पण जास्त नको!), डावीकडच्या दाढा, उजवीकडच्या, आतली बाजू, मग थुंक... मूल यातल्या नेमक्या कुठल्या पायरीला अडतंय ते आधी बघावं लागतं. काम असं पायऱ्यांत मोडून बघण्याला स्पेशल एज्युकेटर (विशेष मुलांचे शिक्षक) टास्क ॲनालिसिस म्हणतात. प्रत्येक पायरीचा फोटो बेसिनजवळ क्रमाने चिकटवला की तोंडी सूचना कमी लागतात.

शिकवायची सुरुवात कुठूनही करता येते, अगदी शेवटापासूनसुद्धा. म्हणजे सगळं मोठ्यांनी करायचं आणि फक्त ब्रश धुवून जागेवर ठेवणं मुलाकडे, ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. यात गंमत अशी की मुलाला रोज काम "पूर्ण केल्याचा" आनंद मिळतो. दुसरा मार्ग हातावर हात धरून घासायचा, आणि मग पकड हळूहळू सैल करत मनगट, कोपर असं मागे सरकत जायचं. पण हे जबरदस्तीने करू नये, नाहीतर मूल ब्रश बघूनच तोंड मिटून घेतं.

बऱ्याचदा मुलाचा नकार हट्ट नसतोच. पुदिन्याची चव झोंबते, फेस सहन होत नाही, ब्रशचे केस टोचतात. अशा वेळी मऊ ब्रश, बिनफेसाची किंवा सौम्य चवीची पेस्ट, आणि सुरुवातीला नुसता ओठांना स्पर्श, एवढंच. हाताची पकड कमजोर असेल तर दांडा जाड करायचा, त्याला सायकलच्या हँडलची ग्रिप किंवा भोक पाडलेला रबरी बॉल चालतो. तीन तोंडांचा ब्रश दाताच्या तिन्ही बाजू एकदम घासतो, त्यामुळे कमी हालचालीत काम होतं.

फ्लोराइडची पेस्ट ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वयात वाटाण्याएवढी. दिवसातून २ वेळा, साधारण २ मिनिटं. थुंकता येत नसेल तर पेस्ट अगदी कमी घ्यायची, उरलेली ओल्या कापडाने पुसायची.

डाउन सिंड्रोममध्ये (गुणसूत्रातल्या बदलामुळे येणारी जन्मजात अवस्था) दात उशिरा येतात आणि हिरड्यांचा आजार लवकर गाठतो, म्हणून तिथे हिरडीच्या कडेला जास्त लक्ष हवं. फिटसाठीच्या फेनिटॉइन या औषधाने हिरड्या दातांवर वाढू शकतात. औषधाचं गोड सिरप रात्री देऊन तसंच झोपवलं तर दात किडायचा धोका वाढतो, आणि हे बऱ्याच पालकांच्या लक्षातच येत नाही.

"आता तो स्वतः करतो" म्हणून मोठ्यांनी बाजूला होणं ही मात्र नेहमीची चूक. मुलाने घासून झाल्यावर मोठ्यांनी एकदा फिरवायचंच, कित्येकांना हे मोठेपणीही लागतं. मागे उभं राहून, मुलाचं डोकं आपल्या छातीला टेकवून घेतलं की आतल्या दाढाही नीट दिसतात.