फाटकावरची वेल: मांडव दारापर्यंत कसा आला

कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो, ती दारावरच्या तोरणाची. इंद्रधनुष्यासारखं ते तोरण लांबूनच दिसेल, असं तो म्हणतो. पुढे बागेचं वर्णन येतं, आणि तिथे कोरांटीच्या कुंपणात माधवीचा मांडव आहे. म्हणजे घराला कमानही आहे आणि फुलवेलीचा मांडवही, पण एक दारात आणि दुसरा आत बागेत. दारावरच्या वेलीच्या मांडवाचा इतिहास मला इथेच सापडतो. ही दोन ठिकाणं एकत्र यायला खूप काळ जावा लागला.

आपल्याकडच्या वाड्यांचंही तसंच. वाड्याचं दार थेट रस्त्यावर उघडायचं. दिंडी, देवडी, मग चौक. वेल लावायला दाराशी माती होतीच कुठे? जाई-जुई असायची परसात, विहिरीजवळ किंवा न्हाणीचं पाणी जाईल तिथे. फुलं देवाला आणि वेणीला लागायची, घराची शोभा म्हणून कुणी वेल चढवत नव्हतं. दोडक्या-पडवळाचा मांडवही मागच्याच अंगाला.

हे बदललं बंगल्यामुळे. चारही बाजूंनी मोकळी जागा, कंपाउंड आणि रस्त्यालगत फाटक अशी रचना आली, तेव्हा फाटक ते ओटा एवढं अंतर पहिल्यांदाच मोकळं मिळालं. त्याच काळात परदेशी झाडं आणून इथे रुजवून बघणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पश्चिम भारताची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची. भायखळ्याची राणीची बाग 1862 मध्ये उघडली ती याच सोसायटीच्या खटपटीतून, आणि पुण्यातलं एम्प्रेस गार्डनही याच नावाची संस्था सांभाळते.

फाटकावर सर्वांत जास्त दिसते ती बोगनवेल. फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली 1767 साली, ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला. तो ज्या जहाजाच्या मोहिमेवर होता तिचा प्रमुख होता बोगनव्हिल, म्हणून वेलीला त्याचं नाव मिळालं. कॉमर्सनबरोबर झान बारे ही बाई पुरुषाच्या वेषात मदतनीस म्हणून फिरत होती, कारण फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता. कॉमर्सनचा पाय तेव्हा दुखत असल्यामुळे ही वेल प्रत्यक्षात तिनेच आणली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. तिचं नाव निदान प्रत्येक बोगनवेलीखाली आठवावं. ही वेल स्वतःहून विळखा घालत नाही. काट्यांच्या आधाराने रेलत जाते, म्हणून कमानीला ती सुतळीने बांधत न्यावी लागते.

मधुमालतीची गोष्ट गुंतागुंतीची आहे. मधुमालती म्हणून आपण लावतो ती रंगूनवेल. संध्याकाळी पांढरी उमलणारी, मग गुलाबी आणि शेवटी लाल होणारी. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात, रंग चढल्यावर मधमाश्या आणि पक्षी. पण कालिदासाची माधवी ही नव्हे. ती माधवी म्हणजे आपल्या सह्याद्रीतली हळदवेल. पांढऱ्या पाकळ्या, त्यातल्या एकीवर पिवळा डाग, सुगंध, आणि तीन पंखांचं भिरभिरत पडणारं फळ. जंगलात ती मोठ्या झाडांच्या माथ्यापर्यंत जाते. लोखंडी पाइपच्या नाजूक कमानीला तिचं लाकूड पेलवणार नाही, म्हणूनही असेल, नाव तेवढं मागे राहिलं आणि वेल दुसरी आली. नर्सरीत हळदवेल मागून बघावी, सहसा मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकीच्या पाहुण्यांना मात्र मराठीने फार प्रेमाने घरचं करून घेतलं. दक्षिण अमेरिकेतल्या कृष्णकमळाच्या फुलातल्या झालरीत ख्रिस्ती मिशनऱ्यांना काट्यांचा मुकुट आणि पुंकेसरांत पाच जखमा दिसल्या होत्या. आपल्याकडे त्याच झालरीचे शंभर कौरव झाले आणि पाच पुंकेसरांचे पांडव. ब्राझीलकडची नारिंगी फुलांची वेल जानेवारीत फुलते, म्हणून ती संक्रांतवेल. उष्ण अमेरिकेतली, पिसासारख्या पानांची, लाल चांदण्यांची वेल भाद्रपदाच्या सुमाराला बहरते, ती गणेशवेल. यांपैकी एकीचंही मूळ इथलं नाही, पण नावं अशी की आजीच्या पंचांगातूनच काढली असावीत.

आता बंगले पाडून इमारती होतायत आणि फाटकाच्या जागी वॉचमनची केबिन येते. त्यातल्या त्यात गणेशवेलीला माती थोडी पुरते. जूनमध्ये बी रात्रभर भिजवून कुंडीत टाकलं आणि फ्लॅटच्या दाराच्या चौकटीभोवती दोऱ्या ओढून दिल्या की, ऊन येत असेल तर, गणपती येईपर्यंत ती वरच्या टोकाला पोचलेली असते.