साहाय्यक टी पेशी

साहाय्यक टी पेशी : स्वतः जंतू न मारता रोगप्रतिकारक यंत्रणेतील इतर पेशींना चेतवणाऱ्या व त्यांच्या कामाची दिशा ठरवणाऱ्या लसीका पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराचा) गट. पृष्ठभागावरील सीडी ४ या प्रथिनामुळे त्यांना सीडी ४ पेशी असेही म्हणतात. एचआयव्हीच्या तपासण्यांमुळे ‘सीडी फोर’ हेच नाव रुग्णांच्या आणि समुपदेशकांच्या तोंडी रुळले आहे. दोन्ही नावे मात्र तंतोतंत समानार्थी नाहीत. प्रतिसाद आवरण्याचे उलटे काम करणाऱ्या बहुतेक नियामक टी पेशींवरही सीडी ४ असते.

नाव व शोध : ‘टी’ हे अक्षर थायमस म्हणजे यौवनलोपी ग्रंथीवरून आले. छातीत हृदयाच्या वरच्या बाजूस असलेली ही ग्रंथी वयात आल्यानंतर आक्रसत जाते. मराठी परिभाषेने दिलेले नाव या बाबतीत मूळ नावापेक्षा बोलके आहे. टी पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेतून या ग्रंथीत येतात, तेथे वाढतात आणि तेथेच त्यांची निवड होते. ग्रंथीला स्वतःचे काही खास काम असेल असे १९६० च्या सुमारास फारसे कोणी मानत नव्हते. १९६१ मध्ये लंडनला उंदरांच्या रक्तकर्करोगावर काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते संसर्गाला सहज बळी पडू लागले आणि परक्या त्वचेचे कलमही त्यांच्या अंगावर टिकू लागले. त्याआधी, १९५६ मध्ये, ब्रूस ग्लिक व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अवस्करालगतची फॅब्रिशियसची पिशवी काढल्यास प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने) तयार होत नाहीत असे दाखवले होते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या ‘बी’ पेशींचे अक्षर या पिशवीच्या लॅटिन नावाचे, बुर्साचे. अस्थिमज्जेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरही तेच निघाले हा योगायोग. पाठ्यपुस्तकांत तोच व्युत्पत्ती म्हणून दिलेला अनेकदा आढळतो.

‘साहाय्या’चा शोध कोणाचा, याबद्दल मात्र एकमत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे हेन्री क्लामन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गाने लसीका पेशी नष्ट केलेल्या उंदरांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. सोबत नुसत्या यौवनलोपी ग्रंथीच्या किंवा नुसत्या अस्थिमज्जेच्या पेशी दिल्या तर प्रतिपिंडे नाममात्र दिसत. दोन्ही एकत्र दिल्यावर ती दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक निघाली. सहकार्य आहे हे कळले, पण प्रतिपिंड नेमके कोण बनवते हे या प्रयोगातून सांगता येत नव्हते. तो प्रश्न १९६८ मध्ये मेलबर्न येथे मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी सोडवला. त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांच्या पेशी वापरल्यामुळे कोणती पेशी कोणाची हे ओळखता आले : प्रतिपिंडे अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी बनवत होत्या, यौवनलोपी ग्रंथीच्या नव्हे. काही इतिहासकार श्रेय क्लामन यांना, तर बरेच जण मिलर व मिचेल यांना देतात. सहकार्याचा पहिला पुरावा क्लामन यांचा आणि श्रमविभागणीचा पुरावा मेलबर्नचा, असे म्हणणे अधिक न्याय्य दिसते. ‘साहाय्यक’ हे विशेषण या प्रतिपिंडांच्या प्रयोगांतले आहे. आज ते कमी पडते, कारण अनेक प्रतिसादांत या पेशींच्या परवानगीवाचून पान हलत नाही.

कार्य : साहाय्यक पेशीला अखंड जंतू ओळखता येत नाही. वृक्षाभ पेशी जंतू गिळून त्याच्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि ते एमएचसी वर्ग २ या, असे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडणाऱ्या, रेणूंच्या खोबणीत बसवून लसीका ग्रंथीत आणून दाखवतात. तुकडा आपल्या ग्राहीशी (पृष्ठभागावरील ओळखणाऱ्या प्रथिनाशी) जुळला तरी तेवढ्याने पेशी चेतत नाही. दाखवणाऱ्या पेशीवर बी ७ गटाची प्रथिने असावी लागतात व ती साहाय्यक पेशीवरील सीडी २८ या प्रथिनाला जोडली जावी लागतात. या दुसऱ्या संकेताशिवाय मिळालेला पहिला संकेत पेशीला उलट निष्क्रिय करतो. दोन्ही मिळाले की पेशी इंटरल्यूकिन २ हे पेशींना संदेश देणारे प्रथिन स्रवते आणि झपाट्याने विभागते. मूत्रपिंड रोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे नेमकी याच टप्प्यावर आड येतात.

बी पेशीशी होणारा व्यवहार वेगळा आहे. बी पेशी आपल्या ग्राहीने पकडलेला प्रतिजन (ओळखले जाणारे परके द्रव्य) आत ओढते आणि त्याचे तुकडे साहाय्यक पेशीला दाखवते. ओळख पटल्यास साहाय्यक पेशी सीडी ४० लिगँड या प्रथिनाद्वारे तिला पुढे, म्हणजे आयजीएम या प्रकाराऐवजी इतर प्रकारची प्रतिपिंडे बनवण्याकडे, जाऊ देते. या प्रथिनाचे जनुक सदोष असलेल्या मुलांत आयजीएम प्रतिपिंडे भरपूर, पण आयजीजी व आयजीए जवळजवळ नसतात. दोन्ही पेशींनी ओळखायचे भाग एकमेकांना जोडलेलेच असावे लागतात, हे एव्हरियन मिचिसन यांच्या १९७१ च्या प्रयोगांनी ठळक केले. संयुग्मी लसी याच तत्त्वावर चालतात. जंतूच्या आवरणातील शर्करेला साहाय्यक पेशी दाद देत नाहीत, म्हणून दोन वर्षांखालील बालकांत नुसत्या शर्करेची लस फारशी चालत नाही. शर्करा प्रथिनाला जोडली की काम होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी बनवलेली, २०१० पासून वापरात आलेली मेनिंगोकॉकस ए विरुद्धची लस अशीच, धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निर्धोक केलेल्या विषाला) जोडलेली आहे.

प्रकार : टिमथी मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींचे टीएच १ व टीएच २ (टीएच म्हणजे टी हेल्पर, साहाय्यक टी) असे दोन प्रकार सांगितले. पहिला गॅमा इंटरफेरॉन स्रवून महाभक्षी पेशींना पोटातले जंतू मारायला लावतो. दुसरा इंटरल्यूकिन ४, ५ व १३ यांद्वारे कृमींविरुद्ध, आणि दमा व ॲलर्जीतही, काम करतो. २००५ च्या सुमारास टीएच १७ ची भर पडली. बुरशीपासून संरक्षण आणि सोरायसिस या दोहोंशी त्याचा संबंध आहे. लसीका ग्रंथींतील पुटकांत बी पेशींना मदत करणारा पुटकीय प्रकारही आता वेगळा मानतात. हे कायमचे वंश आहेत की पेशीच्या बदलत्या अवस्था, यावर वाद आहे. मानवी पेशींत मिश्र रूपे इतकी आढळतात की दुसरे मत अधिक पटते.

कुष्ठरोगाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत जंतू थोडे असलेल्या क्षयाभ प्रकाराच्या चट्ट्यांत टीएच १ चे, तर जंतूंनी भरलेल्या कुष्ठार्बुदी प्रकारात टीएच २ चे स्राव प्रामुख्याने आढळले. त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही.

रोग : एचआयव्ही सीडी ४ ला चिकटूनच पेशीत शिरतो. निरोगी प्रौढात या पेशी रक्ताच्या दर घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खाली एड्सची अवस्था मानतात. पूर्वी औषध कधी सुरू करायचे हे या आकड्यावर ठरे. भारतात २०१७ पासून आकडा न पाहता उपचार सुरू करतात.

इतर प्राण्यांत : बहुतेक जबडायुक्त पृष्ठवंशी प्राण्यांत या पेशी असाव्यात. अटलांटिक कॉड माशात मात्र सीडी ४ व एमएचसी वर्ग २ ही दोन्ही जनुके कार्यरत नाहीत, असे २०११ मध्ये त्याच्या जनुकसंचाच्या वाचनातून दिसून आले. तरीही हा मासा संसर्गाला विशेष बळी पडत नाही. त्याच्याकडे एमएचसी वर्ग १ ची जनुके मात्र असाधारण संख्येने आहेत.