कल्पित जगातली गाणी आली कुठून?

कल्पित जगाच्या जाडजूड कादंबऱ्या वाचणारी मंडळी आता बेळगाव, खानापूर, निपाणीतही भरपूर भेटतात. घरात मराठी, बाजारात कानडी आणि या कादंबऱ्या इंग्रजीतून, असा त्यांचा रिवाज. यातले बरेच जण गाणं आलं की पान उलटतात. कथा रंगात आलेली असते, शत्रू मागावर असतो, आणि मध्येच कुणीतरी चाळीस ओळी गायला लागतं. कंटाळा येतो, हे मान्य. तरीही मला वाटतं, ती गाणी गाळली की त्या जगाचा पायाच हातातून निसटतो. आणि ती आली कशी, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकाला तर पटकन उमजावं.

कथेत मधेच गाणी घालायची ही रीत जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकापासून सुरू झाली असं सर्रास म्हटलं जातं. पण त्याच्याही आधी, 1889 साली, इंग्रज कवी-लेखक विल्यम मॉरिस यांनी 'द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज' लिहिली. त्यात गद्य चालू असताना पात्रं एकदम पद्यात बोलू लागतात. 1914 च्या ऑक्टोबरात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टॉल्किनने एका पत्रात लिहिलं की 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातली एक कथा आपण मॉरिसच्या धर्तीवर, मधूनमधून कविता घालून लिहायला घेतली आहे. कुल्लेर्वो नावाच्या दुर्दैवी मुलाची ती कथा त्याच्याकडून पुरी झाली नाही. पण पुढे 1954-55 मध्ये आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये साठाहून अधिक गाणी आणि कविता आहेत, त्या रीतीचं मूळ या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नात सापडतं.

'कालेवाला'पाशी जरा थांबायला हवं. फिनलंड रशियन साम्राज्यात असतानाच्या काळात एलियास लोनरॉट नावाचा एक डॉक्टर कारेलियाच्या खेड्यांतून हिंडला आणि तिथल्या गायकांकडून गाणी उतरवून घेतली. कारेलिया म्हणजे फिनलंड आणि रशिया यांच्यामधला सीमेचा पट्टा. कितीतरी उत्तम गायक त्याला सीमेपलीकडच्या, रशियाच्या बाजूच्या गावांत भेटले. ती गाणी एकमेकांना जोडून, सांधे बुजवून त्याने 1835 मध्ये 'कालेवाला' छापलं आणि 1849 मध्ये वाढवून 50 सर्गांचं केलं. आज ज्याला आपण कल्पित जगाचं काव्य म्हणतो, त्याच्या मुळाशी असा एक दोन राज्यांत विभागलेला, गाऊन आठवणी जपणारा सीमाभाग आहे. बेळगावात बसून हे वाचताना मला ते परक्या देशातलं वाटत नाही.

त्या काव्यात एक प्रसंग आहे. म्हातारा गायक वैनामोइनेन आणि तरुण यौकाहाइनेन यांच्या गाड्या रस्त्यात एकमेकींत अडकतात. ज्याला जास्त ठाऊक, त्याने पुढे जायचं, असं ठरतं. तरुण आधी साध्यासुध्या गोष्टी सांगतो, मासे कसे, झाडं कशी. मग फुशारकीने म्हणतो, जग घडलं तेव्हा मी हजर होतो. म्हातारा चिडतो आणि गायला लागतो. नुसत्या गाण्याने तो त्या पोराला दलदलीत कंबरेपर्यंत, मग काखेपर्यंत रुतवतो.

कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा प्रसंग अगदी ओळखीचा वाटेल. एक बाजू शिवाचा मोठेपणा मांडते, दुसरी शक्तीचा. बेळगाव, बागलकोट, विजापूरकडे कानडीत हेच हरदेशी-नागेशी म्हणून गायलं जातं. सवाल सोप्या गोष्टींपासून सुरू होतात आणि रात्र चढेल तसे सृष्टीच्या उत्पत्तीपर्यंत जातात. उत्तर आलं नाही तर फड हरला. डफाच्या तालावर चाललेलं ते खरंखुरं युद्धच असतं.

टॉल्किनने 'कालेवाला'तलं हे गाण्याचं युद्ध उचललं आणि त्याला एक जीवघेणी कलाटणी दिली. बेरन हा माणूस आणि लूथिएन ही एल्फ, म्हणजे अमर लोकांतली, राजकन्या यांच्या प्रेमावरचं त्याचं दीर्घकाव्य 1925 च्या सुमारास सुरू झालं आणि 1931 मध्ये चार हजारांवर ओळी होऊन थांबलं. त्यात एल्फांचा राजा वेषांतर करून शत्रूच्या मुलखातून चाललेला असताना पकडला जातो. शत्रू गातो ते उघडं पाडण्याचं, फितुरीचं गाणं. राजा गातो ते टिकून राहण्याचं, विश्वास न मोडण्याचं. बराच वेळ दोघं तुल्यबळ असतात. मग शत्रू राजाच्याच कुळाने पूर्वी समुद्रकाठी केलेल्या भाऊबंदांच्या हत्येकडे वळतो, आणि राजा कोसळतो. त्याला हरवलं ते त्याच्याच घराण्याच्या इतिहासाने. तुरेवाला कलगीवाल्याच्या पुराणातली कथा काढून त्याच्यावरच उलटवतो, तसंच हे. पुढे 1977 मध्ये 'द सिल्मरिलियन' छापलं गेलं, तेव्हा बाकी जवळपास सगळी कथा गद्यात असूनही हा तुकडा पद्यातच ठेवला. माझ्या मते या सगळ्या वाङ्मयातलं हे सर्वांत ताकदीचं गाणं आहे, आणि ते तिथे आहे कारण त्याच्याशिवाय ती घटनाच घडू शकत नाही.

दुसऱ्या प्रकारचं गाणं असं लढत नाही, ते नुसतं मागची गोष्ट गृहीत धरतं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये रात्री टेकडीवर, शेकोटीपाशी, धोका जवळ आलेला असताना कथेतला एक नायक ॲरागॉर्न याच बेरन-लूथिएनचं गाणं म्हणतो. पुरं नाही, एक भागच. 1954 च्या वाचकाला ती संपूर्ण कथा कुठेही वाचायला मिळणार नव्हती, ती तेवीस वर्षांनी आली. तरी त्याला कळत होतं की या लोकांच्या मागे काहीतरी मोठं, जुनं उभं आहे.

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेत पहिल्यांदा जाणाऱ्याला हाच अनुभव येतो. जोगती चौंडकं काखेत धरतो, एका हाताने तार ताणत-सैल करत दुसऱ्या हाताने छेडतो, आणि स्वर वर-खाली होतो. पद सुरू होतं ते मधूनच: जमदग्नीचा राग, परशुरामाच्या हातातला परशू, रेणुकेची घागर. कुणी आधी कथा सांगत बसत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे असं धरलेलं असतं. एक कडवं कानडीत, पुढचं मराठीत, गर्दीतून 'उदो' उठतो आणि पद पुढे जातं. नवख्याला निम्मं समजत नाही, पण गोष्ट आपल्या कितीतरी आधीपासून चालू आहे, एवढं त्याला पक्कं कळतं. कल्पित जग उभं करणाऱ्या लेखकाला नेमकं हेच हवं असतं. मागे खरी परंपरा नसताना ती असल्याची जाणीव त्याला फार थोड्या ओळींत निर्माण करायची असते.

गद्य थांबवून गाणं घेणं ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाहीच. कीर्तनातलं आख्यान असंच चालतं. उत्तर कन्नडमधून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या पटवर्धनांच्या दरबारी झाले आणि त्यातून 1843 मध्ये विष्णुदास भावे यांचं 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. तिथे पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं गद्य बोलायची. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पदं पात्रांच्या तोंडी दिली. हे अण्णासाहेब आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या 1880 च्या 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं आहेत. साकी, दिंडी, कामदा या छंदांच्या जोडीला त्यांनी कानडी चालीही मोकळेपणाने घेतल्या. गोकाककडच्या कुळगोडच्या परंपरेतलं कानडी 'श्रीकृष्ण पारिजात' बघितलं की या चाली कुठल्या हवेतल्या, हे कुणी वेगळं सांगायची गरज उरत नाही. स्वर्गातल्या एका फुलावरून सत्यभामा रुसते, आणि तो सगळा रुसवा गाण्यातून येतो.

टॉल्किनचं एक कसब मात्र आपल्याकडच्या कल्पित कथा लिहिणाऱ्यांनी जरूर शिकावं. त्याच्या जगातल्या प्रत्येक लोकांचा छंद वेगळा आहे. हॉबिट नावाचे बुटके लोक चालता-चालता म्हणतात ती साधी, यमकांची, आंघोळीची आणि वाटचालीची गाणी. रोहन या राज्याचे घोडेस्वार गातात ते बहुतेक जुन्या इंग्रजीसारखं, यमकाऐवजी अनुप्रासावर तोललेलं. 'घोडा कुठे, स्वार कुठे' असं विचारणारा त्यांचा विलाप 'द वाँडरर' या जुन्या इंग्रजी कवितेवरून घेतलेला आहे. गाणारा कोण, हे नाव न वाचताही कळतं. पुढच्या लेखकांतल्या अनेकांनी नुसती गाणी उचलली, हा भेद उचलला नाही, आणि त्यामुळे त्यांची गाणी पान उलटण्यालायकच झाली. अमेरिकन लेखिका अर्सुला ल गिन यांनी 1968 मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत वेगळाच मार्ग काढला. नायकावर रचलेल्या गाथेचं नाव त्या सुरुवातीलाच सांगतात आणि म्हणतात, ही गोष्ट ती गाणी रचली जाण्याआधीची.

मराठीत अशा लेखनाला लागणारी सामग्री तयार आहे. एकसंब्याला जन्मलेल्या आणि धारवाडला बरंच आयुष्य घालवलेल्या जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'त दाखवून दिलं की ना ओळखीचा देश, ना ओळखीचा काळ, तरीही मराठी गद्य तिथे ताठ उभं राहतं. त्या गद्यात पेरायला छंदही कमी नाहीत: लढवय्यांना पोवाडा, दरबाराला साकी-दिंडी, भटक्यांना चौंडक्यावरची पदं. कल्पित जगातल्या दोन शेजारी जमाती दाखवायच्या असतील, तर एकीच्या बायकांना जात्यावरची ओवी द्यावी आणि दुसरीच्या बायकांना कानडी जात्यावर चालते ती तीन ओळींची त्रिपदी. चिकोडी-हुक्केरीच्या गावांत या दोन्ही एकाच आळीत ऐकायला मिळत आल्या आहेत, आणि दोन्हींत बाई वाट पाहते ती माहेरच्या भावाचीच.