गेट टंचाई (विमानतळ)

गेट टंचाई म्हणजे विमान उतरलंय, पुढचा रस्ताही मोकळा आहे, पण ते नेऊन उभं करायला जागाच नाही अशी परिस्थिती. यातून होणाऱ्या उशिराला प्रवासी सरसकट 'ट्रॅफिक होतं' म्हणतात, एअरलाइन 'ऑपरेशनल रीझन' म्हणते, आणि खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं की आपलं विमान जिथे लागणार होतं तिथलं आधीचं विमान अजून हललेलं नाही. नाशिककरांना वाटेल की हा मुंबई-दिल्लीवाल्यांचा प्रॉब्लेम, ओझरला, म्हणजे आपल्या नाशिकच्या विमानतळावर, दिवसाला मोजकीच विमानं, आपल्याला काय त्याचं. पण ओझरच्या बोर्डवर संध्याकाळी दिसणारा उशीर सकाळीच कुठल्यातरी मोठ्या विमानतळाच्या गेटवर तयार झालेला असू शकतो, म्हणून ही नोंद.

गेट आणि बे

आपल्यासाठी गेट म्हणजे नंबर लिहिलेलं दार आणि समोर खुर्च्या. ऑपरेशनवाल्यांसाठी महत्त्वाचा असतो तो बाहेरचा बे किंवा स्टँड, म्हणजे विमान उभं राहायची आखलेली जागा. टर्मिनलला चिकटून असलेला, एअरोब्रिज (विमानाच्या दारापर्यंत येणारा बंद पूल) लागतो तो कॉन्टॅक्ट स्टँड, आणि लांब मैदानात असलेला, जिथून बसने यावं लागतं तो रिमोट बे. टंचाई दोन्हीची असू शकते आणि दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिज नसला तर नुसती गैरसोय होते, बेच नसला तर विमान टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टी आणि बे यांच्यामधल्या रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून थांबतं आणि आतले सगळे बेल्ट लावून खिडकीतून टर्मिनलकडे बघत बसतात.

नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवर फलाटाला आधीची गाडी कंडक्टरची वाट बघत उभी असली की मागची एसटी बाहेर हॉर्न देत थांबते, तसलाच प्रकार, फक्त विमानाला फलाट सोडून रस्त्यातच माणसं उतरवून द्यायची सोय नाही.

हिशोब मिनिटांचा

गेट कमी पडतात म्हणजे दारं कमी पडतात असं वाटतं, पण खरं तर कमी पडतात ती मिनिटं. एअरबस ए३२० सारखं विमान बेवर आलं की चाकांना चोक म्हणजे अडवणारे ठोकळे लागतात, ब्रिज किंवा शिड्या लागतात, माणसं उतरतात, बॅगा निघतात, साफसफाई, इंधन, केटरिंग, नवीन बॅगा, नवीन माणसं, मग टग (विमान ढकलणारा ट्रॅक्टर) येऊन विमान मागे ढकलतो, तो पुशबॅक. या सगळ्याला टर्नअराउंड म्हणतात. स्वस्त तिकिटवाल्या कंपन्या तो अर्ध्या-पाऊण तासात उरकायला बघतात आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानाला दीड-दोन तास सहज लागतात. शिवाय एक विमान गेल्यावर दुसरं येईपर्यंत थोडी मोकळी वेळ ठेवावी लागते, तिला बफर म्हणतात.

समजा एका टर्मिनलला १० बे आहेत, प्रत्येक विमान ४५ मिनिटं थांबतं आणि बफर १५ मिनिटं. म्हणजे तासाला १० विमानं निघतात, कागदावर सगळं छान. आता प्रत्येक विमानाला फक्त १५ मिनिटं जास्त लागली तर तेच १० बे तासाला ८ विमानं काढतात. उरलेली दोन कुठे जाणार? ती मैदानात थांबतात, पुढच्या तासात आणखी दोन येऊन मिळतात, आणि दुपारपर्यंत बोर्ड लाल होतो. एकही बे बंद पडलेला नसतो, कोणाची मोठी चूक झालेली नसते, तरी. म्हणून नियोजन करणारे सगळे बे शंभर टक्के वापरायच्या भानगडीत पडत नाहीत, काही टक्के रिकामे धरूनच हिशोब करतात. बाहेरून बघणाऱ्याला ते रिकामे बे दिसतात आणि तो म्हणतो की जागा तर आहे की!

वेळ कशी मोजतात हेही इथे लक्षात घ्यायला हवं. विमानाची पोहोचायची वेळ चाकं टेकल्यावर धरत नाहीत, बेवर उभं राहून ब्लॉक (म्हणजे तेच चोक) लागले की धरतात, आणि निघायची वेळ ब्लॉक काढून विमान हललं की. साधारणपणे १५ मिनिटांच्या आत असेल तर वेळेवर. त्यामुळे विमान वेळेत उतरूनही उशिराचं ठरू शकतं. गंमत म्हणजे लवकर आलेल्यालाही हीच शिक्षा, पाठीमागून वारा चांगला मिळाला, पायलटने कौतुकाने सांगितलं की आपण २० मिनिटं आधी पोहोचतोय, आणि मग तीच २० मिनिटं बेची वाट बघण्यात गेली, कारण त्या बेचं आधीचं विमान स्वतःच्या वेळेनेच निघणार.

रिकामा बे दिसतोय तर तिथेच का लावत नाहीत

हा प्रश्न विमानात बसलेला प्रत्येक माणूस विचारतो आणि त्याचं उत्तर कोणी देत नाही. पहिलं कारण मापाचं. बे पंखांच्या रुंदीनुसार ठरलेले असतात, ए३२० किंवा बोइंग ७३७ हे कोड सी मध्ये येतात, म्हणजे पंख २४ ते ३६ मीटर. बोइंग ७७७ कोड ई, म्हणजे ५२ ते ६५ मीटर. मोठं विमान छोट्या बेवर मावत नाही आणि छोटं विमान मोठ्या बेवर लावलं तर तासाभराने येणारं मोठं विमान लटकतं. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी एकाच जागेवर दोन-तीन प्रकारच्या रेषा आखतात, एकतर एक मोठं लावा नाहीतर शेजारी शेजारी दोन लहान. एटीआर सारख्या बुटक्या टर्बोप्रॉपला (पंख्यांच्या छोट्या विमानाला) तर बहुतेक एअरोब्रिज जुळतच नाहीत, त्याची रवानगी रिमोटलाच.

दुसरं म्हणजे देशी-परदेशी. परदेशातून आलेल्या माणसाला इमिग्रेशन आणि कस्टमकडेच सोडावं लागतं, ते दार देशी बाजूला उघडत असेल तर बे रिकामा असून उपयोग नाही. काही नवीन टर्मिनलमध्ये दारं फिरवून दोन्हीसाठी वापरता येणारी गेटं असतात, ती महाग पण कामाची. तिसरं म्हणजे कंपनीचा स्टाफ, टग, शिडी, लोडर सगळे दुसऱ्या टोकाला असतात, ते आणायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात मूळ बे मोकळा होतो. आणि अमेरिकेत तर गेट एअरलाइनला भाड्यानेच दिलेले असतात, दुसऱ्याचं रिकामं दिसलं तरी आपलं नव्हे. शिकागोच्या ओ'हेर विमानतळावर गेटच्या फेरवाटपावरून अमेरिकन एअरलाइन्स २०२५ मध्ये शहराविरुद्ध कोर्टात गेली, यावरून या जागांची किंमत कळावी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बे सामायिक असतात आणि विमानतळाचा कंट्रोल रूम ते वाटतो. कुठलं विमान कुठल्या गेटला, हे गणित इतकं किचकट आहे की त्यावर वेगळे शोधनिबंध लिहिले जातात, आणि सकाळी केलेलं वाटप दुपारपर्यंत किती वेळा बदललं जातं ते तुमच्या मोबाईलवर येणाऱ्या गेट बदलाच्या मेसेजवरून समजतंच.

अडकून बसलेली विमानं

भारतात टंचाईला आणखी एक कारण आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं, ते म्हणजे न उडणारी विमानं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली आणि तिची पन्नासच्या वर विमानं ठिकठिकाणच्या विमानतळांवर तशीच उभी राहिली, कोर्टकचेरी चालू, विमानं भाड्याने दिलेले मालक ती सोडवायला बघतायत, आणि बे अडलेले. प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांच्या तक्रारींमुळे इंडिगोचीही बरीच विमानं जमिनीवर होती. पुण्यात मे २०२४ मध्ये एका विमानाची टगशी धडक झाली, ते विमान नंतर बरेच दिवस बेवरच पडून होतं आणि आधीच बे कमी असलेल्या लोहगावचं, म्हणजे पुणे विमानतळाचं, वेळापत्रक त्यात भरडलं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये क्रूच्या ड्युटीच्या नवीन नियमांनंतर इंडिगोची फ्लाइट्स मोठ्या प्रमाणात रद्द झाली तेव्हाही हेच झालं, पायलट नाही म्हणून विमानं पुण्यात बेवर उभी, आणि ज्या कंपन्यांचा या गोंधळाशी काही संबंध नव्हता त्यांच्या विमानांना जागा मिळेना.

माझ्या मते नवीन टर्मिनलची उद्घाटनं होतात तेव्हा विचारायचा प्रश्न हाच असतो, बे किती वाढले? पुण्याचं नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, इमारत ऐसपैस आहे, पण लोहगाव हवाईदलाचा तळ, बाहेरची जागा काचेच्या भिंतींबरोबर आपोआप वाढत नाही.

धुकं आणि मुंबई

हिवाळ्यात दिल्लीला धुकं पडलं की मुंबईत बे कमी पडतात, हे ऐकायला विचित्र वाटतं पण सरळ आहे. दिल्ली विमानं घेत नाही, म्हणून दिल्लीला जाणारं विमान मुंबईत बे सोडत नाही, आणि दिल्लीहून वळवलेली विमानं वर मुंबईतच येतात. जानेवारी २०२४ मध्ये गोवा-दिल्ली विमान असंच मुंबईला वळवलं गेलं, ते रिमोट बेवर लागलं, तासन्‌तास वैतागलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. त्यानंतर एअरलाइन आणि विमानतळ दोघांना दंड झाले, आणि नोटीसमध्ये टर्मिनलला लागून असलेला स्टँड न देता रिमोट बे का दिला हाही मुद्दा होता.

मुंबईची अडचण मूळची आहे. दोन धावपट्ट्या आहेत पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरात, आणि त्यावरून तासाला ४६ पर्यंत विमानांची ये-जा केली जायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांची मर्यादा ४४ वर आणायला लावली, कारण वेळापत्रकात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती. धावपट्टी आणि बे या दोन्हींचा एकमेकांवर ताण येतो. निघायला रांग असेल तर विमानाला बेवरच थांबवतात, इंधन वाचतं, धूर कमी होतो, ते बरोबरही आहे, पण तोच बे येणाऱ्याला हवा असतो. मग कंट्रोल रूमला ठरवावं लागतं की कोणाला ताटकळत ठेवायचं, निघणाऱ्याला का येणाऱ्याला. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, त्याने किती भार हलका होईल ते हळूहळू दिसेल.

नाशिकला काय

ओझरचं विमानतळ एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं. १९६४ मध्ये मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवायला इथे कारखाना आला, पुढे सुखोई-३०, आता तेजस मार्क-१ए. ३००० मीटरची धावपट्टी त्या कामासाठी, आपण प्रवासी पाहुणे. पॅसेंजर टर्मिनल २०१४ मध्ये झालं, गर्दीच्या वेळी ३०० प्रवाशांसाठी. इथून शारजाला शेळ्या-मेंढ्यासुद्धा कार्गो विमानाने गेल्यात, तेव्हा ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या मैदानावर, प्रवासी विमानच उभं असेल असं काही नाही.

छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये छोट्या विमानाची सेवा सुरू झाली तेव्हा अडलं ते बरंचसं मुंबईच्या स्लॉटपाशी, म्हणजे तिथे ये-जा करायला ठरवून मिळणाऱ्या वेळेपाशी. ओझरला जागाच जागा, पण तिकडे सोयीच्या वेळी उतरायला आणि उभं राहायला परवानगी मिळत नाही, आणि अडनिड्या वेळेचं विमान धंदेवाल्या माणसाच्या कामाचं नाही, तो सरळ गाडी काढून कसारा घाट उतरतो. मार्च २०२३ पासून इंडिगो आली आणि चित्र बदललं. पण एकच विमान दिवसात चार-पाच शहरं फिरतं, ओझर त्यातला एक थांबा. सकाळी कुठे बे मिळायला २५ मिनिटं गेली की ती पुढच्या प्रत्येक थांब्याला जोडली जातात, आणि मोठ्या हबवर तर एकदा नंबर गेला की लवकर लागत नाही. ओझरला टर्नअराउंड झटपट होतो, गर्दी नसते, त्यामुळे उलट इथेच थोडा वेळ भरून निघतो, ही छोट्या विमानतळाची जमेची बाजू कोणी मोजत नाही.

मुंबईहून उडणाऱ्या नाशिककराला याची झळ वेगळ्या तऱ्हेने बसते. रात्री साडेदहाचं विमान उतरून बेसाठी अर्धा तास थांबलं, मग बसने टर्मिनल, मग बॅग, तोवर ठरवलेली गाडी वेटिंग लावते आणि घरी पोहोचायला पहाट. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून रस्त्यावरचा वेळ वाचतोय खरा, पण तो बरेचदा विमानात बसूनच खर्च होतो.

उपाय आणि हक्क

बे बांधणं हा उघड उपाय पण जमीन लागते. बाकीचे उपाय मिनिटं वाचवायचे. इंडिगोने २०२२ मध्ये तीन दारांतून उतरवायची पद्धत आणली, पुढून दोन आणि मागून एक रॅम्प, ती रिमोट बेवरच चालते, म्हणजे ज्याला आपण शिक्षा समजतो तो रिमोट बे कंपनीला कधीकधी फायद्याचा पडतो. जास्त वेळ थांबणारं विमान टग लावून बाजूला नेऊन ठेवणं, विमानतळ, एअरलाइन आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) यांनी एकाच स्क्रीनवर खऱ्या वेळा बघणं, हेही चालू आहे.

प्रवाशाच्या बाजूने डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संचालनालयाचा, नियम असा की अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं, आणि उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं प्रवासी निवडतो. बोर्डिंग होऊन विमान तासन्‌तास अडकलं तर प्रवाशांना परत उतरवता यावं अशा सूचनाही २०२४ मध्ये विमान सुरक्षा ब्युरोने काढल्या. उतरल्यावर गेटसाठी गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल मात्र काही मिळत नाही.

ओझरची खरी परीक्षा २०२७ च्या सिंहस्थात आहे. अमृतस्नानाच्या दिवसांत शेड्यूल फ्लाइट्स, चार्टर, व्हीआयपींची विमानं आणि हेलिकॉप्टर सगळे एकाच ॲप्रनवर येणार. अशा वेळी चालणारी पद्धत म्हणजे माणसं सोडा आणि विमान दुसरीकडे नेऊन उभं करा. शिर्डी आणि छत्रपती संभाजीनगर जवळ आहेत, पण शिर्डीलाही त्या दिवसांत भाविकांची गर्दी असणारच, तेव्हा कोणतं विमान कुठे रात्र काढणार याचा तक्ता तारखांच्या बराच आधी करून ठेवावा लागेल.