पाणंद नकाशात असते, तरी रस्ता सापडत नाही

परवा पहाटे पन्हाळ्याला सायकली काढल्या. शिवाजी पूल ओलांडून केर्लीत चहाला थांबलो, तर सोबतचा मित्र वैतागलेला. भाच्याने जर्मनीहून आणलेलं जीपीएस डिव्हाइस पुढे करत म्हणाला, "ह्याचं जीपीएस गंडलंय बघ." पांढऱ्या पडद्यावर एकच जाड रेघ, तिच्यावर आमचा बाण. माझ्याकडेही तेच मॉडेल, पण भारतात घेतलेलं. त्यात केर्ली गाव, जोतिबाचा रस्ता, उसातल्या पाणंदीसुद्धा.

जीपीएस गंडलं नव्हतं, बाण बरोबर जागेवर होता. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह स्वतःची वेळ आणि जागा प्रसारित करतात. सिग्नल यायला लागलेल्या वेळावरून डिव्हाइस आपलं ठिकाण काढतं. जागेसाठी तीन उपग्रह पुरले असते; चौथा लागतो तो डिव्हाइसच्या साध्या घड्याळातली चूक काढायला. उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो, हा समज मनातून काढून टाका. आपण खाली आहोत हे त्याला ठाऊकही नसतं.

रस्ते मात्र मेमरीत आधी भरावे लागतात. अनेक मॉडेलांत जिथे विक्री, तिथलाच तपशीलवार नकाशा असतो, उरलेलं जग ढोबळ. म्हणून खोक्यावर 'नकाशासहित' छापलेलं असलं तरी कुठला नकाशा ते विचारून घ्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. नकाशातला रस्ता म्हणजे बिंदूंची माळ. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर, ज्याची माहिती पुष्कळ सायकल डिव्हाइसांत असते, प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश असतात आणि माळेला खूण: डांबरी, कच्चा, सायकलला बंदी. दोन रस्ते जुळतात तिथे एक बिंदू दोन्ही माळांत सामाईक हवा. तो नसेल, तर रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या तरी तिथे वळता येत नाही. हा नियम हवाच, नाहीतर पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या पुलाखालून जाताना डिव्हाइस तुम्हाला थेट वरच्या महामार्गावर वळायला सांगेल.

मग प्रत्येक तुकड्याची किंमत ठरते: लांबी गुणिले रस्त्याचा प्रकार. समजा, वर्दळीच्या रस्त्याला १.५ आणि पाणंदीला २ हा गुणक आहे. ४ किलोमीटर वर्दळीच्या डांबरीची किंमत ६, अडीच किलोमीटर पाणंदीची ५. पाणंद जिंकली. डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेली रीत अशी: सर्वांत स्वस्तात पोहोचता येईल तो बिंदू पक्का करायचा, त्याच्या शेजाऱ्यांच्या किमती सुधारायच्या, मग उरलेल्यांतला सर्वांत स्वस्त उचलायचा, असं मुक्कामापर्यंत. सामाईक बिंदूच नसेल, तर तिकडून पाणंदीत शिरायची किंमत अनंत.

वडणग्याकडची एक पाणंद नकाशात डांबरीपासून दोन मीटर अलीकडेच संपत होती. गेल्या वर्षी मी तिचं टोक ओढून डांबरीवरच्या बिंदूला जोडलं. वेबसाइटवर ते लगेच दिसलं, डिव्हाइस मात्र जुन्याच फाइलवर चालत होतं. पुढचा नकाशा भरल्यावर त्याच फाट्याशी ते पहिल्यांदा म्हणालं, डावीकडे वळा. मित्राच्या डिव्हाइसमध्येही त्याच संध्याकाळी भारताचा नकाशा भरून दिला.