प्लगडेटा म्हणजे फुकटातलं मॅक्स फॉर लाइव्ह नव्हे

“प्लगडेटा घे की, फुकट आहे, मॅक्स फॉर लाइव्हचंच काम करतं.” हे एक वाक्य. आणि त्याचं उलटं दुसरं: “तुझ्या त्या डिव्हाइसचं व्हीएसटी दे ना, मी रीपरवर काम करतो.” (रीपर आणि एबलटन लाइव्ह ही संगीत बनवायची सॉफ्टवेअरं; व्हीएसटी म्हणजे त्यांत बसणाऱ्या प्लगइनचं, जोड-प्रोग्रामचं, एक रूप.) ही दोन्ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकतोय. दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे, की प्लगडेटा आणि मॅक्स फॉर लाइव्ह यांची अदलाबदल करता येते, आणि त्यापायी चांगल्या माणसांच्या संध्याकाळी वाया जातात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पडद्यावर डब्यांना वायरी जोडून आवाज कसा घडवायचा (अशा जोडणीला पॅच म्हणतात), हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. त्यासाठीचं मॅक्स हे सॉफ्टवेअर येत असेल तर त्याच जातीचं प्युअर डेटा परकं वाटणार नाही, कारण दोन्हींचा जनक एकच, मिलर पकेट. मॅक्सची सुरुवात 1980च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत झाली, प्युअर डेटा 1996चं. मॅक्स फॉर लाइव्ह म्हणजे एबलटन लाइव्हच्या पोटात बसवलेलं मॅक्स, ते 2009मध्ये आलं. प्लगडेटा म्हणजे टिमथी शून यांनी प्युअर डेटाला दिलेलं प्लगइनचं रूप: व्हीएसटी3, एयू, एलव्ही2, क्लॅप, हवं त्या रूपात. मॅक्समधल्या सायकल~ला तिकडे ऑस्क~ म्हणतात, असले फरक एका बैठकीत अंगवळणी पडतात. त्यावर वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो एका प्रश्नावर: तुमचा पॅच होस्टच्या, म्हणजे त्याला चालवणाऱ्या लाइव्ह-रीपरसारख्या सॉफ्टवेअरच्या, घरात कोण म्हणून राहतो?

प्लगइन हा भाडेकरू. होस्ट दर ब्लॉकला, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याला, त्याच्या हातात ठरावीक गोष्टी ठेवतो: ऑडिओ, मिडी (स्वरांचे आणि बटणांचे निरोप), ऑटोमेशनमधून आलेल्या पॅरामीटरच्या किमती, आणि प्लेहेड (गाणं वाजत असलेली जागा) कुठे आहे नि टेम्पो किती आहे ही माहिती. प्लगइन आपला हिशेब करून ऑडिओ आणि मिडी परत देतं. व्यवहार एवढाच. टेम्पो त्याला वाचता येतो, बदलता येत नाही. क्लिप सुरू करणं, शेजारच्या ट्रॅकवरच्या रिव्हर्बचं बटण फिरवणं, नवा सीन (एकत्र वाजणाऱ्या क्लिपची ओळ) लावणं, यातलं काहीही त्याच्या हातात नाही. मॅक्स फॉर लाइव्हचं डिव्हाइस मात्र घरातलं माणूस आहे. लाइव्हने आपला सगळा सेट, म्हणजे उघडलेलं सगळं काम, त्याच्यापुढे उघडा ठेवलेला असतो, आणि ट्रॅक, क्लिप, टेम्पो, इतर डिव्हाइसची बटणं, सगळ्यांपर्यंत त्याचा हात पोचतो. हे दार म्हणजे लाइव्ह ऑब्जेक्ट मॉडेल. खरा फरक इथे आहे. किंमत, दिसणं, डब्यांची संख्या हे सगळं त्यानंतरचं.

एक उदाहरण जवळून बघू. तबल्याच्या रियाजासाठी लाइव्हमध्ये लेहरा (तबल्याला साथ देणारी फिरती धून) लावायचा आहे. तीनताल, 16 मात्रा. टेम्पो 60ला सुरू व्हावा आणि दर चार आवर्तनांनी समेवर 2ने चढावा. लेहऱ्याची क्लिप वॉर्प केलेली (टेम्पोला ताणून बसवलेली) असली की ती लयीबरोबर आपोआप चढते. मॅक्स फॉर लाइव्हमध्ये हे दहा-बारा डब्यांचं काम आहे. लाइव्ह.पाथने सेट गाठायचा आणि लाइव्ह.ऑब्झर्व्हरने गाण्याची चालू वेळ ऐकायची. ती मात्रांमध्ये मिळते, म्हणून तिला 64ने भागून पूर्णांक तेवढा ठेवायचा. तो पूर्णांक बदलला की चार आवर्तनं पुरी होऊन सम आली. मग लाइव्ह.ऑब्जेक्टला नवा टेम्पो सांगायचा. मोजणी सेकंदांत नाही, मात्रांत आहे, त्यामुळे लय कितीही चढली तरी सम चुकत नाही.

यात दोन खड्डे आहेत, आणि मी दोन्हींत पडलो आहे. पहिला असा की लोडबँगने (पॅच उघडताच बँग, म्हणजे ‘सुरू कर’ हा निरोप, देणाऱ्या डब्याने) सुरुवात केली तर सेटचं दार अजून उघडलेलंच नसतं आणि पाथ रिकामा येतो. त्या जागी लाइव्ह.धिसडिव्हाइस वापरा, ते डिव्हाइस पूर्ण तयार झाल्यावरच बँग देतं. दुसरा खड्डा: ऑब्झर्व्हरकडून बातमी आली की त्याच क्षणी सेटमध्ये बदल करू पाहिला, तर लाइव्ह नकार देतं आणि कन्सोलमध्ये लाल ओळ उमटते. मध्ये एक डिफरलो (निरोप जरा मागे ढकलणारा डबा) ठेवला की काम होतं. त्यामुळे टेम्पो समेनंतर किंचित उशिरा बदलतो, लेहऱ्यात ते कानाला कळत नाही. पण एखादं बटण सतत डोलवायचं असेल तर लाइव्ह.ऑब्जेक्टच्या वाटेला जाऊ नका. त्याचे बदल अनडूच्या यादीत साचत जातात. तिथे लाइव्ह.रिमोट~च हवं.

आता हेच प्लगडेटात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने याच्यात तीन संध्याकाळी घातल्या. प्लेहेडची माहिती आली, आवर्तनाची मोजणी बिनचूक झाली, सम कळली. मग तो अडला, कारण टेम्पो लिहिणारा शेवटचा डबा प्लगइनला मिळतच नाही. त्याचा पॅच कुठेही चुकलेला नव्हता. वळसा घालून जाता येतं: प्लगडेटाच्या मिडी आउटमधून कंट्रोल चेंज (बटणाच्या किमतीचा मिडी निरोप) काढा, मॅकवर आयएसी किंवा विंडोजवर लूपमिडीच्या आभासी केबलमधून तो परत लाइव्हमध्ये आणा आणि टेम्पोला मिडी मॅप करा. चालतं. पण मिडीच्या 128 पायऱ्यांतच काम भागवावं लागतं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती केबल पुन्हा मांडावी लागते. हातात लाइव्ह सूट (मॅक्स फॉर लाइव्ह ज्यात मिळतं ती लाइव्हची आवृत्ती) असताना हा वळसा घालणं मला पटत नाही.

आता उलट बाजू. एएमएक्सडी, म्हणजे मॅक्स फॉर लाइव्ह डिव्हाइसची फाइल, रीपरसारख्या दुसऱ्या होस्टमध्ये उघडत नाही, आणि तिचं व्हीएसटी करून देणारं बटणही कुठे नाही. 2022मध्ये आर्नबो हे मॅक्सचं जोड-साधन आल्यापासून मॅक्सच्या आत त्यात लिहिलेला पॅच व्हीएसटी3 किंवा एयू म्हणून बाहेर काढता येतो. पण आर्नबोचा डब्यांचा संच वेगळा आहे आणि लाइव्हचं दार उघडणारे डबे त्यात नाहीत. आवाजाचा भाग बाहेर जाईल. घरातला हक्क घरातच राहील. रीपरवाल्या मित्राला मी लेहऱ्याचं डिव्हाइस देत नाही ते हात आखडता घेतला म्हणून नव्हे, तर रीपरमध्ये त्याला काही अर्थच उरत नाही म्हणून.

मग प्लगडेटा कमी दर्जाचं का? मुळीच नाही. माझा तानपुरा मी प्लगडेटातच बांधला आहे. चार तारा, प्रत्येक तारेला एक डिले (आवाज उशिराने देणारा डबा) आणि त्याचा फीडबॅक (तो आवाज पुन्हा आत फिरवणं). इथे एक मर्यादा माहीत हवी. प्युअर डेटा 64 सॅम्पलचे घास घेतं, म्हणून फीडबॅकमधला डिले सेकंदाला 44100 सॅम्पल असताना साधारण 1.45 मिलिसेकंदांपेक्षा लहान होत नाही, म्हणजे तार 689 हर्ट्झच्या वर जात नाही. काळी एकच्या गायकाची जोडाची तार 139 हर्ट्झच्या आसपास असते, तेव्हा तानपुऱ्याला काहीच अडचण नाही. उंच तार हवी असेल तर सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या पॅचमध्ये) ब्लॉक~ 1 ठेवा, म्हणजे घास एका सॅम्पलचा होतो. आणि हा एकच तानपुरा माझ्याकडे लाइव्हमध्ये, गायकाकडे रीपरमध्ये आणि तिसऱ्याच्या लिनक्सवर आर्डरमध्ये जसाच्या तसा वाजतो. साधा डिले किंवा फिल्टर मॅक्स फॉर लाइव्हमध्ये बांधून स्वतःला एका सॉफ्टवेअरला बांधून घेतात, ते बघून मला वाईट वाटतं. आवाज घडवायचा असेल तर प्लगडेटा, सेट हाकायचा असेल तर मॅक्स फॉर लाइव्ह. माझ्या रियाजाच्या सेटमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी बसलेले आहेत.

पॅच एकीकडून दुसरीकडे नेताना एक गोष्ट नक्की चावते. एका आउटलेटमधून दोन वायरी निघत असतील, तर मॅक्स उजवीकडच्या डब्याला आधी निरोप देतं आणि प्युअर डेटा आधी जोडलेल्या वायरीला. मॅक्समध्ये डबा नुसता सरकवला तरी क्रम बदलतो. दोन्हीकडे प्रत्येक फाट्यावर ट्रिगर (निरोपांचा क्रम ठरवणारा डबा) ठेवा, मला यात अपवाद मान्य नाही.

आणि कुणाला पाठवण्याआधी: मॅक्स फॉर लाइव्हच्या एडिटरमधलं बर्फाच्या पाकळीचं बटण दाबून डिव्हाइस फ्रीझ करा, म्हणजे बाहेरच्या फाइली आत भरल्या जातात. प्लगडेटाचा मुख्य पॅच प्रोजेक्टसोबत सेव्ह होतो, पण तुम्ही स्वतः वेगळ्या फाइलीत ठेवलेली ॲब्स्ट्रॅक्शनं (डब्यासारखे वापरलेले छोटे पॅच) होत नाहीत. ती हाताने सोबत द्या.